दोन डोंगरांमधला सूर्य आणि हडपसरची छपरे

आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून चित्रकलेविषयी जी मते प्रचलित आहेत त्यांत एक मत असे आहे की, शहर हा चित्राचा विषयच नव्हे. निसर्ग रंगवावा, देवादिकांची रूपे रंगवावीत, थोर पुरुषांच्या तसबिरी काढाव्यात, फार तर एखादा पडका वाडा किंवा नदीकाठचा घाट रंगवावा. परंतु एकमेकांस खेटून उभी राहिलेली घरे, त्यांची छपरे, पाण्याच्या टाक्या आणि मनोरे ह्यांत पाहण्यासारखे काय आहे, की जे रंगवावे? आणि एखाद्या चित्रकाराने ते धाडस केलेच, त्यातही छपरांचे त्रिकोण व भिंतींचे चौकोन करून दाखविले, तर 'हे आम्हांस कळत नाही' एवढे म्हणून आपण पुढे सरकतो. हा केवळ अभिरुचीचा भेद आहे, त्यापासून कोणाचे नुकसान होत नाही, असे पुष्कळांस वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. ह्या मताने आमच्या मुलांच्या दृष्टीचे नुकसान चालविले आहे आणि आमच्या शहरांचेही. ते कसे, हे सांगण्यासाठीच आजचा हा प्रपंच आहे.

उदाहरण अगदी जवळचे घेऊ. पुण्याच्या पूर्वेस सोलापूर रस्त्यावर हडपसर आहे. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकरांनी पेशवे व शिंदे ह्यांच्या फौजेचा पराभव केला तो ह्याच परिसरात. आषाढीच्या वारीत पुण्याहून निघालेल्या दोन्ही पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात त्याही येथेच; ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाट चढून सासवडकडे जाते आणि तुकाराम महाराजांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे. ज्या रानात पिढ्यान्‌पिढ्या ऊस आणि भाजीपाला निघाला, त्यांतील मगरपट्ट्याच्या १०० हून अधिक शेतकरी कुटुंबांनी आपली ४०० एकरांहून अधिक जमीन एकत्र केली आणि २००० सालच्या सुमारास तेथे एक अख्खे नगर उभारावयास आरंभ केला. त्यानंतर त्याच्या शेजारी दुसरी नगरे उठली. आज येथल्या कोणत्याही उंच गच्चीवर उभे राहिले असता डोळ्यांपुढे जे येते ते असे: पायथ्याशी गावठाणातील उरलीसुरली कौले, त्यांस लागून सिमेंटचे व लोखंडी पत्रे आणि ते वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर ठेवलेले दगड, पलीकडे तीन-चार मजली इमारतींच्या गच्च्या, त्यांवर काळ्या टाक्या, सोलरच्या तिरप्या काचा, वाळत घातलेल्या चादरी, आणि ह्या सर्वांच्या पाठीमागे काचेचे व काँक्रीटचे टॉवर, ज्यांवर संध्याकाळचे तिरपे ऊन पडले म्हणजे एक बाजू तापलेल्या तांब्यासारखी होते आणि दुसरी शाईसारखी काळी पडते. दोनशे वर्षांचा इतिहास छपरांच्या चार थरांत एकावर एक रचून ठेवावा तसा हा देखावा आहे.

आता ह्याच गच्चीखाली राहणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या मुलास कागद व रंग देऊन 'एक देखावा काढ' म्हणून सांगा. तो काय काढील हे आमच्या प्रत्येक वाचकास ठाऊक आहे, कारण वाचकाने स्वतःही लहानपणी तेच काढलेले आहे. दोन त्रिकोणी डोंगर. त्यांच्या बेचक्यातून वर येणारा, किरणांच्या काड्या फुटलेला पिवळा सूर्य. डोंगरातून निघून खाली रुंद होत जाणारी निळी नदी. काठावर एक झोपडी, एक नारळाचे झाड, आणि आकाशात चार आकड्यासारखे चार पक्षी. हा देखावा त्याने कोठे पाहिला? हडपसरात तर खचित नाही. आमच्या दख्खनचे डोंगर लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झालेले आहेत. त्यांचे माथे बहुधा सपाट असतात आणि उतारांवर पायऱ्या पडलेल्या असतात; पाटीवर काढल्यासारखा त्रिकोणी डोंगर ह्या प्रदेशात शोधूनही सापडणे कठीण. शिवाय हडपसरहून डोंगर दिसतात ते दिवे घाटाच्या बाजूस, म्हणजे दक्षिणेस. आणि सूर्य दक्षिणेस उगवत नाही. तो जेथे उगवतो त्या पूर्वेस लोणीकडचा सपाट मुलूख पसरला आहे. तात्पर्य, ज्या चित्रास आपण 'निसर्गचित्र' म्हणून शाबासकी देतो त्यात निसर्ग नावालाही नाही. ते एक पाठ केलेले अक्षर आहे. मुलाने सूर्य पाहिला नाही, त्याने सूर्याची खूण गिरविली.

ह्यात मुलाचा काडीमात्र दोष नाही. त्याच्या हाती दिलेल्या चित्रांच्या वह्यांत तेच होते, वर्गातल्या फळ्यावर तेच होते, आणि घरी कोणी कौतुक केले तेही त्याचेच. पुढे तो मोठा होऊन एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट ह्या रेखाकलेच्या शासकीय परीक्षांना बसतो. ह्या परीक्षांत स्मरणचित्र नावाचा विषय आहे. पाहिलेले आठवून काढावे, हा त्याचा मूळ हेतू किती चांगला! परंतु व्यवहारात पुष्कळ ठिकाणी काय होते? बाजार, बसथांबा, जत्रा अशा ठरीव विषयांची ठरीव चित्रे मार्गदर्शक पुस्तकांतून घोकून घेतली जातात आणि परीक्षेच्या दिवशी ती कागदावर उतरविली जातात. श्रेणीवर दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळत असल्यामुळे पालकही संतुष्ट असतात. हडपसरची मंडई घराजवळ असता मुलगा मंडईचे चित्र पुस्तकातून पाठ करतो, ह्याहून स्मरणशक्तीचा मोठा उपहास कोणता?

आमची मुले डोंगर गिरवीत असता जगाच्या चित्रकलेत काय घडले ते थोडक्यात पाहू. १९०८ साली झॉर्झ ब्राक ह्या फ्रेंच चित्रकाराने लेस्ताक नावाच्या गावातील घरांची चित्रे पॅरिसात मांडली. त्यांत घरे होती, पण खिडक्या-दारांचा तपशील नव्हता. एकावर एक रेललेले ठोकळे तेवढे होते. एका टीकाकाराने 'घन, घन' म्हणून त्यांची थट्टा केली आणि त्या थट्टेतूनच घनवाद हे नाव रूढ झाले. १९१२ साली रोबेर दलोने ह्याने लाँ ह्या गावाच्या प्रार्थनामंदिराचे मनोरे आणि त्याभोवतालचे गाव असे रंगविले की, प्रकाशाने दगड फुटून त्याचे रंगीत तुकडे झाल्यासारखे वाटावे. आपल्याकडे १९२२ च्या डिसेंबरात कलकत्त्यास जर्मनीतील बाउहाउस ह्या कलाशाळेच्या चित्रकारांचे प्रदर्शन भरले. त्यांत गावांची छपरे व मनोरे स्फटिकासारखे रंगविणारा फायनिंगर होता, आणि त्याच प्रदर्शनात गगनेंद्रनाथ ठाकुरांची घनवादी चित्रेही होती. स्वर्णपुरी आणि द्वारका ह्यांसारख्या पुराणातल्या नगरी गगनेंद्रनाथांनी ह्याच नव्या रीतीने रंगविल्या. म्हणजे ज्यास आपण आजही 'नवे खूळ' म्हणतो ते ह्या देशात येऊन १०० वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

परंतु ज्या चित्राकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो ते सैयद हैदर रझा ह्यांचे आहे. रझा मूळचे मध्य प्रांतातले. १९३९ ते १९४३ नागपूरच्या चित्रशाळेत शिकले आणि मग मुंबईस आले. दिवसा एका ब्लॉक-स्टुडिओत नोकरी करावी आणि उरल्या वेळात मुंबईचे रस्ते, इमारती, पावसात भिजलेले चौक जलरंगांत रंगवावेत, असा त्यांचा क्रम होता. १९४७ साली सूझा, हुसेन, आरा, गाडे, शिल्पकार बाकरे आणि रझा ह्या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. १९४८ साली काश्मिरात रझांची गाठ आंरी कार्तिए-ब्रेसाँ ह्या विख्यात फ्रेंच छायाचित्रकाराशी पडली. त्याने त्यांची चित्रे पाहून जे सांगितले त्याचा आशय असा की, तुझ्यात गुण आहे, पण तुझ्या चित्रात बांधणी नाही. चित्र हे घरासारखे पाया, भिंती, तुळया आणि छप्पर असे बांधावे लागते. त्यासाठी सेझान पाहा. चित्र घरासारखे बांधावे! रंगांच्या ओघावर आजवर तरंगत आलेल्या तरुणास ही एक सूचना पुरली. १९५० साली फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती घेऊन ते पॅरिसला गेले आणि १९५१ साली त्यांनी 'ओ द कान्य' हे चित्र काढले.

कान्य हे दक्षिण फ्रान्समधील गाव. त्याची जुनी वस्ती टेकडीवर आहे आणि तिच्या माथ्यावर गढीचा मनोरा आहे. रझांनी ही वस्ती अपारदर्शक जलरंगात कागदावर रंगविली. घरे एकमेकांस चिकटून चढावर रचलेली. भिंती सपाट, कडा ठाशीव. एकाही माणसाची चाहूल नाही. आणि वर आकाशात सूर्य, तो मात्र काळा. मुंबईच्या ओल्या, वाहत्या जलरंगांतून आलेल्या माणसाचा हात येथे किती कठोर झाला आहे हे पाहणाऱ्यास तत्काळ जाणवते. हे गाव नकाशा देण्यासाठी रंगविलेले नाही. डोंगरावर घरे बांधताना माणूस जमिनीशी जो झगडा करतो, एका घराच्या छपरावर दुसऱ्याचा उंबरा ज्या रीतीने टेकतो, ते वजन आणि तो ताण ह्या चित्राने पकडला आहे.

'काळा सूर्य कोठे असतो काय?' असा प्रश्न येथे हटकून येतो. आमचा उलट प्रश्न असा की, काड्या फुटलेला पिवळा सूर्य तरी कोठे असतो? भर दुपारी सूर्याकडे क्षणभर पाहून डोळे मिटले असता जे दिसते ते काळ्या ठिपक्याच्याच जवळचे असते, हे ज्याने त्याने करून पाहावे असे आम्ही सांगणार नाही, कारण ते डोळ्यांस अपायकारक आहे. परंतु बहुतेकांनी ते नकळत केलेले असते. रझांचा काळा सूर्य पाहिलेल्या अनुभवातून आला की अंतःकरणातून, हा वाद वेगळा. तो कोणाच्या वहीतून आलेला नाही, एवढे निश्चित. पिवळ्या सूर्यास आपण खरा म्हणतो तो केवळ सवयीने.

आक्षेपकांचे म्हणणे आम्ही टाळू इच्छीत नाही. पहिला आक्षेप असा की, ही सर्व परकीयांची नक्कल आहे. ह्या आक्षेपाचा उच्चार बहुधा ज्या दिवाणखान्यात होतो तेथे रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वतीची पूज्य चित्रे लावलेली असतात. त्या चित्रांविषयी आम्हांसही आदर आहे. परंतु तैलरंग परकीय, छायाप्रकाशाची ती रीत परकीय, आणि १८९४ साली मुंबईत निघून पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेलेल्या त्या छापखान्याची यंत्रेही जर्मनीहून आलेली होती. मुंबईच्या कलाशाळेत १८५७ पासून जो यथादर्शनाचा पाठ देण्यात आला तोही विलायतेचाच. उलट, आमच्या पहाडी व राजस्थानी लघुचित्रांत गच्च्या, छत्र्या, बुरूज आणि अंगणे एकाच वेळी वरून, समोरून व बाजूने दाखविण्याची चाल शेकडो वर्षे होती. एका जागी उभे राहून एका डोळ्याने पाहावे हा नियम आमचा नव्हेच. तेव्हा ज्यांनी तो नियम मोडला त्यांनी आमचे घर परकीयांस दिले, की परकीय वाटेने का होईना ते घराकडे वळले, ह्याचा आक्षेपकांनीच विचार करावा.

दुसरा आक्षेप दुर्बोधतेचा. त्याचे उत्तर महाराष्ट्रातच आहे. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथे १९१७ साली जन्मलेले हरी अंबादास गाडे हे त्या सहा जणांपैकी एक. ते विज्ञानाचे पदवीधर होते. त्यांनी गावांची चित्रे काढली, त्यांत घरे, छपरे आणि जमीन ह्यांचे मोठमोठे रंगीत तुकडे एकमेकांशी जोडलेले असतात. वऱ्हाडातल्या किंवा देशावरच्या कोणत्याही गावाकडे मे महिन्याच्या उन्हात टेकाडावरून पाहावे. तपशील उन्हात विरून जातो आणि पांढऱ्या भिंती, तांबडी कौले व काळी सावली एवढेच पट्टे उरतात. शेतकऱ्यास हे सांगावे लागत नाही. मुलास गोष्ट सांगताना आपण गोष्टीतला फापटपसारा टाकतो आणि गाभा ठेवतो, तेव्हा तिला कोणी दुर्बोध म्हणत नाही. चित्रकाराने तेच केले की आपण शब्दकोश मागतो! गाड्यांचे नाव मराठी घरांतून किती जणांस ठाऊक आहे, हा प्रश्न आम्ही येथे फक्त विचारून ठेवतो.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे. 'पत्रे, टाक्या आणि टॉवर हे कुरूप आहेत. दिवसभर तेच पाहून थकलेल्या माणसाने भिंतीवरही तेच का लावावे?' ह्या थकव्याविषयी आम्हांस सहानुभूती आहे. परंतु कुरूपतेकडे पाठ फिरविल्याने ती नाहीशी होते, असा अनुभव नाही. उलट, ज्याच्याकडे कोणी निरखून पाहत नाही ते अधिकच बेफिकीर होत जाते. आणि येथे आम्ही आमच्या मुख्य मुद्द्याशी येतो.

हडपसरच्या छपरांचे व मनोऱ्यांचे चित्र कोणीच काढीत नाही, असे नाही. ते निघते आणि आमच्या चित्रकारांच्या सर्व चित्रांहून मोठ्या आकारात निघते. सोलापूर रस्त्यावरील फलकांकडे पाहावे. तेथे अद्याप न बांधलेला टॉवर रंगविलेला असतो. त्याचे आकाश धुळीवाचून निळे असते. त्याच्या पायथ्याशी हिरवळ असते, आणि त्याच्या शेजारी मात्र काहीही नसते. पत्र्यांची वस्ती त्या चित्रातून पुसलेली असते, शेजारची इमारत पुसलेली असते, रस्ता रिकामा असतो. रझांच्या गावात माणूस नाही म्हणून ज्यांस चुटपुट लागते त्यांस ह्या फलकावरील शहरात शेजारी नाही ह्याची चुटपुट कशी लागत नाही? रझांचे चित्र कोणास फसवीत नाही; हे चित्र आयुष्याची कमाई देऊन विकत घेतले जाते. जो समाज आपल्या शहराचे चित्र काढण्यास कमीपणा मानतो, त्याचे शहर जाहिरातदार रंगवितो, आणि मग ज्याने रंगविले त्याच्या मनाप्रमाणे ते बांधलेही जाते. टेकडीचा माथा कोठे झाकला गेला, जुन्या गावठाणावर दुपारभर कोणाची सावली पडू लागली, ह्यांविषयी तक्रार करावयाची तर आधी ते दिसावे लागते. दोन डोंगर गिरवून वाढलेल्या डोळ्यांस ते दिसत नाही. चित्रकलेचा हा प्रश्न ह्या अर्थी नागरिकत्वाचा प्रश्न आहे.

आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये म्हणून एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. नवचित्रकलेच्या नावाने जे काही चालते त्या सर्वांचे आम्ही कैवारी नाही. रझांनी पुढील आयुष्यात जो बिंदू दीर्घ साधनेने मिळविला, त्याच्या छापील नकला सोफ्याच्या रंगास जुळतात म्हणून आज घरोघर लागत आहेत. काळे वर्तुळ भिंतीवर आले म्हणजे आधुनिकता आली, ही समजूत आणि दोन डोंगर काढले म्हणजे निसर्ग आला, ही समजूत एकाच जातीच्या. दोहोंतही पाहण्याचे काम दुसऱ्यावर सोपविलेले असते. कान्यची छपरे उसनी आणून हडपसरला लावावीत, असे आम्ही म्हणत नाही. कान्यकडे रझांनी ज्या कठोरपणे पाहिले त्या कठोरपणे हडपसरकडे पाहावे, एवढेच आमचे मागणे आहे.

आणि हे मागणे अवघड नाही. रेखाकलेच्या शिक्षकांनी महिन्यातून एक तास मुलांस शाळेच्या गच्चीवर न्यावे, वह्या खालीच ठेवाव्यात, आणि प्रथम केवळ पाहावयास सांगावे: कोणते छप्पर पुढे आहे, कोणते मागे, सावली कोठे तुटते, पत्र्याचा रंग सकाळी कोणता व दुपारी कोणता. परीक्षकांनी स्मरणचित्र तपासताना पाठ केलेल्या आकृतीस गुण देण्याचे थांबवावे. नव्या वसाहतींच्या प्रवेशदालनांत परदेशी धबधब्यांची चित्रे लावण्यावर जो खर्च होतो, त्याचा थोडा भाग तरुण चित्रकारांस द्यावा आणि त्यांच्याकडून ती जागा, तिचे गावठाण, तिची टेकडी व तिचे टॉवर रंगवून घ्यावेत. ज्या शेतकऱ्यांची जमीन ह्या मनोऱ्यांखाली आहे त्यांच्या नातवंडांस तरी, आजोबांच्या उसाच्या जागी काय उभे राहिले, ते रंगांत पाहावयास मिळावे. आणि पालकांनी, मुलाने घराच्या खिडकीतून दिसणारी टाकी काढली तर 'हे कसले चित्र?' असे विचारू नये.

हडपसरच्या प्रत्येक मुलाने काळा सूर्य काढावा, असा आमचा आग्रह मुळीच नाही. परंतु एखाद्याने गच्चीवर उभे राहून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून तो काढलाच, तर कोणी वडीलधाऱ्याने त्यावर पिवळा खडू फिरवू नये.